थकलेल्या बिलांसाठी फ्रीलान्सर एकत्र येतात तेव्हा: या चुका टाळा

काम वेळेत दिलं, बिल पाठवलं, आणि मग ठरलेली उत्तरं सुरू झाली. "अकाउंट्सकडे पाठवलंय." "साहेब टूरवर आहेत." "आमच्याच क्लायंटकडून अजून आलेले नाहीत." अनुवादक, डिझायनर, सबटायटल करणारे, फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढणारे, मुद्रितशोधक, सगळ्यांना ही उत्तरं पाठ आहेत. मुंबईच्या टीव्ही मालिकांच्या धंद्यात तर काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे हा रिवाजच होऊन बसला आहे, आणि ते नव्वदही अनेकदा लांबतात.

एकट्याने तगादा लावून काही होत नाही हे कळलं की लोक एकत्र यायचं ठरवतात. हे योग्यच आहे, किंबहुना दुसरा मार्ग नाही. पण असे बहुतेक प्रयत्न दोन-तीन महिन्यांत विरतात, आणि त्याचं कारण क्लायंट फार बलाढ्य असतो हे नसतं. सगळ्यांचा राग एका जागी जमतो, पण बिलं, तारखा आणि पुरावे ज्याच्या त्याच्या लॅपटॉपमध्येच राहतात. वसुली ही मुळात हिशेबाची लढाई आहे. ती एकत्र लढायची तर हिशेब आधी एकत्र यायला हवा. पुण्या-मुंबईतल्या अशा गटांमध्ये ज्या चुका वारंवार दिसतात, त्या आणि त्यांवरचे उपाय इथे लिहिले आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला की संघटना झाली असं मानणं

ग्रुपमध्ये शेकडो लोक असतात. कुणीतरी लिहितं, "अमुक एजन्सीने माझे आठ महिन्यांचे पैसे दिलेले नाहीत." खाली संतापाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो, दोघेजण "माझेही" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तो मेसेज वर कुठेतरी निघून गेलेला असतो. महिन्याभराने विचारा, या एजन्सीकडे आपल्या लोकांचे एकूण किती पैसे आहेत? कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत घोषणा ठरवू नका, नावही ठरवू नका. थकबाकीची वही सुरू करा. साधी स्प्रेडशीट चालेल. काम कोणतं, ते सोपवलं कधी, बिलाचा क्रमांक आणि तारीख, रक्कम, ठरलेली मुदत, क्लायंटचं शेवटचं उत्तर काय आणि कोणत्या तारखेचं, आणि देणेकऱ्याचं कायदेशीर नाव. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. आपण ज्याला "क्लायंट" म्हणतो ते बहुधा ब्रँडचं नाव असतं. पैसे देणं लागते ती कंपनी वेगळी असू शकते, ईमेल पाठवणारी एजन्सी तिसरीच. जीएसटी क्रमांक, वर्क ऑर्डर, आधी आलेल्या पेमेंटची बँकेतली नोंद यांतून खरं नाव काढा. पाच जणांनी पाच वेगवेगळी नावं लिहिली तर तो एकच देणेकरी आहे हे कधी कळणारच नाही.

वही दोन-तीन विश्वासू लोकांच्याच हाती ठेवा. बाकीच्यांना स्वतःची ओळ आणि क्लायंटनिहाय एकूण बेरीज दिसली की पुरे. आपले दर सगळ्यांना कळतील या भीतीने बरेच जण माहितीच देत नाहीत, आणि ती भीती खोटी नाही.

कागद एकत्र आले की काय होतं याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'एबनी' या नामांकित मासिकाने फ्रीलान्स लेखकांचे पैसे थकवले. २०१७ मध्ये लेखकांनी 'एबनी ओज' (म्हणजे 'एबनी देणं लागतं') असा हॅशटॅग चालवला, बोलबाला भरपूर झाला. पण हॅशटॅगवर प्रकरण सोडून दिलं नाही. नॅशनल रायटर्स युनियनने एकेका लेखकाचं येणं गोळा करून एकत्रित दावा लावला आणि २०१८ च्या सुरुवातीला चाळीसहून अधिक लेखकांसाठी सुमारे ऐंशी हजार डॉलरची तडजोड झाली. एकेकाची रक्कम वकील लावण्याइतकी मोठी नव्हती. बेरीज मात्र तेवढी होती.

उद्यम नोंदणी "नंतर बघू" म्हणून सोडणं

इथे थोडं थांबणार आहे, कारण भारतात फ्रीलान्सरच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार हेच आहे आणि तेच म्यानात पडून असतं.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा फक्त कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. तसं नाही. सेवा देणारा एकटा माणूसही 'सूक्ष्म उद्योग' म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकतो. जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या बनावट साइट्सपासून सावध राहा. आपलं काम राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात कुठे बसतं ते निवडावं लागतं, उदाहरणार्थ ७४१० हा डिझाइनचा गट, ७४२० फोटोग्राफीचा.

या कायद्याचं कलम १५ सांगतं की पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ग्राहकाने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. म्हणजे "आमची पॉलिसी ९० दिवसांची आहे" हे वाक्य अशा पुरवठादारापुढे टिकत नाही, मग ते करारात छापलेलं का असेना. "वरच्या क्लायंटने दिले की देऊ" हेही त्याच कारणाने टिकत नाही.

मुदत उलटली की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. हिशेब करून पाहा. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज वर्षाला साडेसोळा टक्के होतं. साठ हजारांचं बिल दहा महिने अडकलं तर व्याज पावणेनऊ हजारांच्या घरात जातं. हा आकडा पत्रात लिहिला की पत्राचं वजन बदलतं, कारण कंपनीच्या लेखापरीक्षकाला तो ठाऊक असतो.

आता चूक नेमकी कुठे होते ते पाहा. लोक पैसे बुडाल्यावर नोंदणी करायला धावतात. महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की कराराच्या वेळी जो नोंदलेला पुरवठादार नव्हता, त्याला नंतर नोंदणी करून मागच्या कामासाठी या कायद्याचा फायदा घेता येत नाही. नोंदणीचा परिणाम पुढच्या व्यवहारांवर होतो. हा प्रश्न पुढे पुन्हा न्यायालयापुढे आला आहे, पण त्याच्या निकालावर आपलं घर चालवायची गरज नाही. नवीन काम घ्यायच्या आधी नोंदणी करा, एवढं सोपं आहे. मला विचाराल तर गटाच्या सभासदत्वाची हीच पहिली अट असावी. एका रविवारी कुणाच्या तरी घरी लॅपटॉप घेऊन बसा आणि सगळ्यांच्या नोंदण्या उरकून टाका. बिलावर उद्यम क्रमांक छापायला विसरू नका.

वाद झाला तर अर्ज सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. त्यासाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झालं. अर्ज सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जातो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाची प्रक्रिया चालते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुरवठादार जिथला आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो, त्यामुळे तुम्ही नागपूरचे आणि क्लायंट दिल्लीचा असेल तरी तुम्हाला दिल्लीला जायचं कारण नाही. आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध क्लायंटला न्यायालयात जायचं असेल तर त्याला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांत निर्णय द्यावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेव्हा सभासदांना खोटी आशा दाखवू नका.

अर्ज प्रत्येकाला स्वतंत्रच करावा लागतो. गटाचं काम इथे असं: एकाच देणेकऱ्याविरुद्धचे आठ अर्ज एकाच आठवड्यात, एकाच साच्यात, एकसारख्या क्रमाने लावलेल्या कागदांसह दाखल होतील हे पाहणं.

काम स्वीकारल्याचा पुरावा न ठेवणं

वरचे सगळे दिवस मोजायचे कुठून? काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि क्लायंट तर "फीडबॅक देतो" म्हणून गप्प बसतो. कायद्याने याची सोय केली आहे: काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम दिलं त्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. म्हणून काम नेहमी तारखेसह ईमेलने सोपवा. फोनवर "पाठवलंय बरं का" सांगितलं असेल तरी मागोमाग एक ओळीची ईमेल टाका.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, पण नुसते स्क्रीनशॉट पुरेसे नसतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकून टाकू नका.

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि ती भिडेची आहे. "आपल्याच माणसाचं काम आहे, करारपत्र कसं मागायचं?" दिवाळी अंकांच्या बाबतीत तर रक्कमच न विचारता काम दिलं-घेतलं जातं, आणि अंक विकून संपला तरी मानधनाचा पत्ता नसतो. जाड करारपत्र नकोच. "आपण बोललो त्याप्रमाणे आठ चित्रं, इतकी रक्कम, अमुक तारखेला काम, त्यानंतर तीस दिवसांत पेमेंट, बरोबर ना?" एवढी ईमेल आणि तिला आलेलं "हो" पुरतं. गटाने हा मजकूर तयार करून सगळ्यांना दिला की भीडही कमी होते. "आमच्या संघटनेची पद्धत आहे" असं म्हणता येतं.

दोघांचे पैसे आले की बाकीच्यांना विसरणं

गट फुटतात ते इथे. मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत जास्त.

समजा एका निर्मिती संस्थेकडे बारा जणांचे पैसे आहेत. बाराही जणांनी सही केलेलं पत्र गेलं. चार दिवसांत जे सर्वांत जास्त बोलतात त्या दोघांना फोन येतो: "तुमचं पेमेंट आजच टाकतो, पण या सगळ्यात तुम्ही कशाला?" पैसे येतात, सोबत नव्या कामाचं आश्वासन येतं. दोघे गप्प होतात. मग उरलेल्या दहांना वाटतं, आपणही परस्पर बोलून घ्यावं. आठवड्याभरात पत्राची किंमत शून्य होते आणि सर्वांत नवखी, सर्वांत कमी ओळख असलेली मुलं मागे राहतात. ज्यांना पैशांची सर्वाधिक गरज असते, तीच.

यावर "कुणीही एकट्याने पैसे घ्यायचे नाहीत" असा नियम करू नका. तो चुकीचा आहे आणि पाळलाही जाणार नाही. स्वतःच्या घामाचे पैसे आले तर घ्यावेतच, घरभाडं थांबत नाही. नियम वेगळा हवा, आणि तो पत्र जाण्याआधी लेखी हवा: ज्याचे पैसे येतील तो सही मागे घेणार नाही, पैसे आल्याचं त्याच दिवशी गटाला कळवेल, आणि सगळ्यांचं होईपर्यंत त्या क्लायंटशी थकबाकीबद्दल बोलायचं ते ठरलेल्या दोन प्रतिनिधींनीच. क्लायंटचा फोन आला तर उत्तर एकच: "आभारी आहे, बाकीच्यांचंही बघा."

प्रतिनिधी कोण असावेत? ज्यांचं त्या क्लायंटवर आता काहीच अवलंबून नाही असे. अनेकदा ज्याचे सर्वाधिक पैसे अडकलेत त्यालाच पुढे करतात आणि तोच सर्वांत आधी दबतो. काम बंद होण्याची भीती खरी आहे, तिची लाज बाळगायचं कारण नाही. न्यूयॉर्क शहराने फ्रीलान्सर्स युनियनच्या मोहिमेनंतर २०१६ मध्ये 'फ्रीलान्स इज नॉट फ्री' हा कायदा मंजूर केला आणि तो मे २०१७ पासून लागू झाला. त्यात आठशे डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामासाठी लेखी करार सक्तीचा आहे, तारीख ठरली नसेल तर काम पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत पैसे द्यायचे आहेत, आणि पैसे मागितले म्हणून फ्रीलान्सरवर सूड उगवायला स्पष्ट मनाई आहे. ही मनाई मिळवण्यासाठी तिथल्या लोकांनी इतका जोर लावला, कारण गप्प बसवण्याचा सर्वांत सोपा उपाय तोच असतो. आपल्याकडे तसं संरक्षण नाही, म्हणून ते गटाच्या रचनेतूनच उभं करावं लागतं. पत्र संघटनेच्या लेटरहेडवर जावं, नावं मुळाक्षरांच्या क्रमाने असावीत, ज्यांचे पैसे अडकलेले नाहीत अशा चार ज्येष्ठांच्या सह्याही असाव्यात.

पहिल्याच दिवशी सोशल मीडियावर नाव टाकणं

मोह होतो, आणि तो कळण्यासारखा आहे. पण बदनामी हा भारतात अजूनही फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मी खरं तेच लिहिलं" एवढं म्हणून भागत नाही, ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. तीस हजारांच्या बिलापायी दूरच्या शहरातल्या न्यायालयाच्या तारखा कुणाच्या नशिबी येऊ नयेत.

त्याहून घातक म्हणजे "परवापर्यंत पैसे आले नाहीत तर फेसबुकवर टाकू" असा मेसेज. तो खंडणीच्या धमकीसारखा वाचला जाऊ शकतो. कायदेशीर कारवाई करू असं सांगायला हरकत नाही, बदनामी करू असं सांगू नका.

क्रम असा ठेवा. वैयक्तिक स्मरणपत्र, मग गटाचं पत्र, मग वकिलाची नोटीस, मग परिषदेकडे अर्ज. अर्ज दाखल झाल्यावर जाहीर बोलायचं झालंच तर फक्त नोंदीतल्या गोष्टी बोला: इतक्या जणांनी, इतक्या रकमेसाठी, अमुक तारखेला अर्ज केला आहे. "चोर", "फसवे" असली विशेषणं गाळा. आकडे पुरेसे बोलतात.

गटाचं पत्र कसं असावं, त्याचा हा सांगाडा:

"आमच्या पुढील सभासदांची एकूण अमुक रुपयांची बिलं आपल्याकडे मुदतीनंतर थकीत आहेत. बिलनिहाय तक्ता आणि व्याजाचा हिशेब सोबत जोडला आहे. एखाद्या बिलाबद्दल हरकत असल्यास ती सात दिवसांत लेखी कळवावी. अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास प्रत्येक सभासद सुविधा परिषदेकडे स्वतंत्र अर्ज करेल."

एवढंच. विनवणी नको, तत्त्वज्ञान नको.

बहिष्कार आणि एकसारखे दर जाहीर करणं

"या कंपनीचं काम कुणीही करायचं नाही" आणि "शब्दामागे इतक्या रुपयांच्या खाली कुणी जायचं नाही" हे दोन ठराव पहिल्या उत्साहात सहज होतात. दोन्हींत धोका आहे. फ्रीलान्सर कायद्याच्या नजरेत नोकर नसतो, छोटा व्यावसायिक असतो, आणि व्यावसायिकांनी मिळून किंमत ठरवणं किंवा एखाद्याला वाळीत टाकणं स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली येऊ शकतं. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने केरळातल्या चित्रपटसृष्टीतल्या संघटनांना दंड केला तो दिग्दर्शक विनयन यांच्यासोबत काम करू नका असा दबाव आणल्याबद्दल. त्याच वर्षी मुंबईतल्या चित्रपट कामगारांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांना आयोगाने आदेश दिला की फक्त सभासदांनाच काम द्यायचं असल्या अटी बंद करा.

याचा अर्थ हात बांधले गेले असा नाही. कोणता क्लायंट सरासरी किती दिवसांत पैसे देतो याची खरी, तारीखवार माहिती सभासदांना द्या. काम घ्यायचं की नाही ते ज्याचं तो ठरवेल. आणि सामूहिक जोर दरापेक्षा पैशांच्या वेळेवर लावा: आगाऊ रक्कम, टप्प्याटप्प्याने बिल, पूर्ण पैसे आल्यावरच मूळ फाइल आणि हक्क देणं. भांडण दराचं नसून देण्याचं आहे, हे बाहेर कुणालाही पटतं. किमान दरांचा विषय घ्यायचाच असेल तर आधी वकिलाशी बोला.

अकाउंट्समधल्या माणसावर ओरडणं

तिथे बसलेली व्यक्ती पैसे अडवत नसते. तिच्याशी नीट वागलात तर तीच सांगते की बिल नेमकं कुणाच्या टेबलावर पडलं आहे.

खरी पकड करांच्या नियमांत आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने तेव्हाच्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा होत नाही. म्हणजे ३१ मार्चला बिल थकीत असेल तर क्लायंटचं त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न फुगतं. कलम १६ च्या व्याजावर तर वजावट कधीच मिळत नाही. तुम्ही जीएसटी लावत असाल तर आणखी एक गोष्ट आहे: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, क्लायंटला व्याजासह उलटवावं लागतं. म्हणून गटाचं पत्र फेब्रुवारीत, कंपनीच्या वित्तप्रमुखाच्या नावाने जावं, आणि प्रत्येक सभासदाचं उद्यम प्रमाणपत्र सोबत असावं. जुलैत तेच पत्र पाठवलं तर त्याचा निम्मा परिणाम होतो.

आणि आयकर पोर्टलवरचं आपलं २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचं विवरण, दर तिमाहीला उघडून पाहा. पैसे न देताच तुमच्या बिलावर टीडीएस कापून भरलेला दिसला, तर कंपनीने ते बिल स्वतःच्या हिशेबात धरलं आहे हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो.

नोंदणी, वर्गणी, पद यांतच सहा महिने घालवणं

"आपल्याला मालक नाही, मग युनियन कशी होणार?" हा प्रश्न जुना आहे. १९७२ मध्ये इला भट्ट अहमदाबादला 'सेवा' या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेची नोंदणी करायला गेल्या तेव्हा कामगार खात्याने हीच हरकत घेतली होती. शेवटी नोंदणी झाली. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही पटकथा-संवाद-गीतकारांची संघटना तर फ्रीलान्स लेखकांचीच आहे, आणि तिची स्वतःची वादनिवारण समिती आहे. तेव्हा रस्ता आहे.

पण सुरुवातीला नोंदणीची घाई नको. आधी एका देणेकऱ्याकडून एक वसुली करून दाखवा. मग सात जणांची संस्था १८६० च्या अधिनियमाखाली नोंदवता येते, महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. मला मात्र सहकारी संस्थेचा विचार जास्त पटतो. वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण पुरतात, आणि २००६ च्या कायद्यात 'पुरवठादार' या व्याख्येत सूक्ष्म उद्योगांच्या सेवा विकणारी सहकारी संस्थाही येते. बेल्जियममध्ये १९९८ पासून चालणारी 'स्मार्ट' ही संस्था फ्रीलान्सरच्या वतीने क्लायंटला बिल लावते, त्यातून ठराविक टक्के घेते, आणि क्लायंटने उशीर केला तरी हमी निधीतून कलाकाराला पैसे देते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हेच केलं. हमालाला एक मालक नसतो, रोज नवी गोदी, नवा व्यापारी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यात व्यापाऱ्याने मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची अशी व्यवस्था झाली. डिझायनरांसाठी असं मंडळ उद्या होणार नाही. पण मधे उभी राहून पैसे घेणारी एक जागा हवी, हे या मातीत कधीच सिद्ध झालेलं आहे.

आणि तरीही अडलंच तर

बिल जुनं असेल तर आधी तारीख पाहा. मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं मिळतात. ती संपण्याआधी क्लायंटने "हो, देणं आहे" असं सहीनिशी लेखी मान्य केलं तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणून जुन्या बिलांवर भांडण्याआधी शिल्लक रकमेची लेखी कबुली मिळवायचा प्रयत्न करा. गटाच्या वहीत अडीच वर्षं ओलांडलेली बिलं वेगळ्या रंगात ठेवा.

उद्यम नोंदणी नव्हती? मग वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा समरी, म्हणजे झटपट चालणारा दावा शक्य आहे का ते विचारा. इथे गटाने एकच वकील ठरवून खर्च वाटून घेतला तर परवडतं.

क्लायंट हप्त्यांची तयारी दाखवतो? घ्या, पण तारखांसह लेखी, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय होईल अशी ओळ त्यात हवीच.

कंपनीच बंद पडली? व्यक्तीची एकल मालकी असेल तर देणं त्या व्यक्तीवरच राहतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकांच्या खिशाला सहसा हात लावता येत नाही. दिवाळखोरीची प्रक्रिया दुसऱ्या कुणी सुरू केली असेल तर जाहीर नोटिशीतल्या मुदतीत प्रत्येकाने आपला दावा ही प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दाखल करायचा. ही नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि ज्याचे वीस हजार अडकलेत तो ती वाचत नाही. गटातल्या एकाने मोठ्या देणेकऱ्यांची नावं कंपनी मंत्रालयाच्या आणि दिवाळखोरी मंडळाच्या साइटवर महिन्यातून एकदा तपासायची जबाबदारी घ्यावी.

क्लायंट परदेशी? २००६ चा कायदा तिथे चालत नाही. पण तो न्यूयॉर्कचा असेल तर तिथला कायदा आपल्या कामाला लागू होतो का ते तिथल्या संघटनेला विचारा, आणि ब्रिटनचा असेल तर १९९८ च्या उशिरा पेमेंटच्या कायद्याखाली, तो कराराला लागू होत असेल तेव्हा, बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटच्या वर आठ टक्के व्याज मागता येतं. तरीही परदेशी कामात निम्मे पैसे हातात आल्याशिवाय फाइल उघडू नका.